भडभुंजीण मैदानात बसली

खूप जुनी गोष्ट आहे. माझ्या आजीच्या आजीनंसुद्धा ती कुणाकडून तरी ऐकलेलीच होती. लहानांनो, पुढं सरका. मोठ्यांनो, तुम्हीही बसा.

एका राज्यात राजाची सभा होती. दर परगण्यातून एक माणूस तिथं जाऊन बसायचा आणि आपल्या लोकांना काय हवं-नको ते राजाला सांगायचा. एका परगण्याची जागा मात्र पिढ्यान्‌पिढ्या गढीवाल्याच्या घरातच होती. तिकडं ओढ्यावरचा पूल वाहून गेला. पलीकडच्या वाड्यांचा बाजार तुटला, अडलेल्या बायकांना पाण्यातून उचलून आणायची वेळ आली. राजानं विचारलं, "तुमच्याकडं कसं काय?" गढीवाला म्हणाला, "सगळं झकास, महाराज!" त्याची गढी ओढ्याच्या अलीकडं होती ना!

त्या बाजारात एक भडभुंजीण होती. मातीची भट्टी, एक कढई आणि तापलेली वाळू, एवढंच तिचं दुकान. लाह्या-फुटाणे भाजायची आणि पोट भरायची. पलीकडची गिऱ्हाइकं येईनाशी झाली, तशी ती गढीवर गेली.

"दादासाहेब, पुलाचं राजाच्या कानावर घाला की."

"सभेत मोठ्या गोष्टी चालतात, बाई. तू आपले फुटाणे भाज."

"मग या खेपेला मीच जाते सभेत."

गढीवाला हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचं हसू थांबलं. "मैदानात बसलीस, तर तुझी भट्टी राहणार नाही."

"भट्टी माझी आहे, ती जाईल. परगणा काही तुमचा नाही," असं म्हणून ती पायऱ्या उतरली.

आता तिथली निवडायची रीत ऐका. ज्यांना सभेत जायचंय त्यांनी मैदानात घोंगडी टाकून उगवतीकडं तोंड करून बसायचं. ज्याला जो हवा, त्यानं त्याच्यामागं जाऊन बसायचं. पुढच्यानं मात्र मागं वळून बघायचं नाही. दिवस मावळताना ज्याच्यामागं माणसं जास्त, तो सभेत जायचा. सगळं उघड्यावर चालायचं. कोण कुठं बसलं, ते गढीला दिसायचं. म्हणून तर लोक घाबरायचे.

त्या दिवशी सगळा गाव गढीवाल्याच्या मागं बसला. भडभुंजीण एकटी.

गढीचा कारभारी येऊन म्हणाला, "भडभुंजिणी, तुझ्यामागं चिटपाखरू नाही गं."

"सावली आहे ना माझी. सकाळच्या वेळी तेवढी पुरते."

"तुझा सख्खा दीरसुद्धा तिकडं बसलाय!"

"त्याला लेकरं आहेत. बसू दे. मी त्याच्यासाठीही बसलेय."

उन्हं चढली. तिचे ओठ सुकले, पण घोंगडी सुटली नाही. गढीवाल्याला ते बघवेना. त्यानं हात केला. समोरच बाजार होता. गड्यांनी तिच्या पहाटे पेटवलेल्या, अजून रसरसत्या भट्टीवर पाण्याच्या घागरी रिकाम्या केल्या. मोठी वाफ उठली आणि भट्टी वरपासून खालपर्यंत तडकली.

भडभुंजिणीचे डोळे भरून आले. पोटचं लेकरू जावं तसं झालं तिला. पण ती उठली नाही. खणखणीत आवाजात म्हणाली, "झालं? आता कशाचं भय घालणार? दुसरी भट्टी नाही माझ्याकडं, नाहीतर तीही विझवायला दिली असती!"

कारभाऱ्यानं मालकाकडं बघितलं. मालकानं जमिनीकडं बघितलं. हे सगळ्या गावानं बघितलं.

तेव्हा गर्दीतून एक म्हातारी सुईण गुडघे धरत उठली आणि गढीवाल्याच्या पुढून चालू लागली.

"म्हातारे, कुठं निघालीस?" तो ओरडला.

"तुला पहिली आंघोळ मी घातलीय. माझ्यावर डोळे वटारू नकोस," म्हणाली आणि भडभुंजिणीच्या मागं जाऊन बसली.

मग दीर उठला. मग कुंभार, मग कोष्टी. मग कोण उठलं ते कुणी बघतच बसलं नाही.

भडभुंजिणीला मागं नुसती सळसळ ऐकू येत होती. दिवस मावळला, दवंडीवाला म्हणाला, "आता वळा, बाई." ती वळली. मैदान भरलेलं होतं. पलीकडच्या वाड्यांतली माणसं ओढ्यातून चालत आली होती, कमरेपर्यंत भिजलेली. गढीवाल्याच्या मागं एकटा कारभारी उरला होता, आणि तोही जरा लांब सरकून बसला होता.

ती सभेत गेली, तीही काजळलेल्या हातांनी. राजापुढं बोलली, आणि ऐकलं जाईपर्यंत बोलत राहिली. पूल आधी झाला, तिची भट्टी त्यानंतर. पण त्या परगण्यात पुढं कुणी कुणाची चूल विझवायची धमकी दिली नाही.

म्हणून सांगते, भय दाखवणाऱ्याचा जोर आपण उठून पळालो तरच चालतो. आपण बसून राहिलो, की त्याचे हात रिकामे होतात.