बासष्ट शालींचं कपाट

शलाकाकडे पटावरचे खेळ एकशे चाळीस. कपाट भरलं, पलंगाखाली जागा उरली नाही, शेवटी डबे जिन्यावर आले. रोज इकडचे डबे तिकडे करताना तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्यातच सासरे अण्णासाहेब, निवृत्त शिक्षणाधिकारी, एका डब्याला अडखळले आणि कडाडले, "ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही, ती घराबाहेर."

"नियम सगळ्यांना सारखा ना, अण्णा?"

"माझ्या घरात नियमाला अपवाद नसतो."

शलाकाने तडक त्यांचं लोखंडी कपाट उघडलं. आत सत्कारात मिळालेल्या बासष्ट शाली होत्या.

"हात लावू नकोस. तो माझा मान आहे."

"माझ्या प्रत्येक डब्याच्या झाकणामागे शेवटच्या डावाची तारीख लिहिलेली आहे, सगळ्या याच वर्षातल्या. आणि या शाली फोटो निघेपर्यंतच तुमच्या खांद्यावर होत्या. मग बाहेर काय काढू?"

अण्णासाहेबांनी कपाटाचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या सकाळी, ऐन मे महिन्यात, ते खांद्यावर शाल पांघरून घाम पुसत चहाला आले.

शलाकाने कप पुढे केला. "ही राहिली, अण्णा. उरलेल्या एकसष्टांची जागा मी दुपारी मोकळी करते."