ताक प्यायलेली भिंत

फार वर्षांपूर्वी, आपल्या खापरपणजोबांना अजून मिसरूड फुटायची होती तेव्हा, शेवरवाडीत गोदाक्का नावाची एक बाई राहायची. रंग देण्याआधी भिंतींना आणि छताला अस्तर द्यायचं, एवढंच तिचं काम. चुना, डिंकाचं पाणी आणि आंबट ताक एकत्र घोटून ती पहिला हात फिरवायची. त्यावर कुणी गेरू लावो, कुणी नीळ, तिचं काम खाली झाकून जायचं. असं म्हणतात, की भिंतीला गाल लावून ती भिंतीची तहान ओळखायची. भिंतींशी ती तासन् तास बोलायची. माणसांशी मात्र तिचं फारसं जमत नसे, कारण माणसं घाई करतात.

त्याच गावात हैबतरावांनी नवं घर बांधलं. थोरल्या यशवंताचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी नदीपलीकडची, मैना. जत्रेत दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि तेव्हापासून यशवंत जेवताना भाकरी सोडून पाटच कुरतडायचा, असं त्याची आई सांगे. मुलीकडचे लोक घर बघायला येणार, म्हणून हैबतरावांनी भिंती निळ्या करायचं ठरवलं. गोदाक्का आपणहून दारात आली.

"हैबतराव, भिंत ठणठणीत कोरडी हाय. आधी अस्तर द्या, नायतर रंग धरायची न्हाई."

"जे दिसायचंच न्हाई, ते लावून काय उपेग, आक्का?" हैबतराव हसले आणि त्यांनी सरळ रंग फासला.

पाहुणे आले. मैनेचे वडील दौलतराव, तिचे चुलते, मामा, सगळे पांढऱ्याशुभ्र अंगरख्यांत. मंडळी भिंतीला टेकून बसली. गूळपाणी झालं, सुपारी झाली, बोलणीही मनासारखी झाली. मग पाहुणे निघायला उठले आणि पाठमोरे झाले, तर साऱ्यांच्या पाठी निळ्याशार! दारात जमलेलं गाव खो खो हसलं. दौलतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ज्या घरात पाव्हण्याचं असं हसं हुतं, तिथं मी लेक देऊ?"

चुलत्यांनी कशीबशी समजूत घातली. शेवटी दौलतराव म्हणाले, "पुनवेला परत येतो. पाठ कोरी ऱ्हायली तर सोयरीक, न्हाईतर रामराम."

तिकडं मैनेनं जेवण सोडलं. इकडं हैबतराव खाली मान घालून गोदाक्काकडं गेले. ती टोचून काही बोलली नाही. "दिसाया लागलं का आता?" एवढं मात्र तिनं विचारलं, आणि ते तिनं विचारायलाच हवं होतं.

मग तिनं सगळा रंग खरवडायला लावला. धूळ झटकली, भेगा बुजवल्या आणि अस्तराचा पहिला हात मारला. भिंतीनं तो बघता बघता पिऊन टाकला. दुसराही प्यायली. घरातलं ताक संपलं, शेजारचं संपलं. मग गावातल्या बायका चरव्या, मडकी, तांबे घेऊन येऊ लागल्या. असं म्हणतात, की त्या दिवसांत शेवरवाडीत कुणाच्या पानात ताकाचा थेंब पडला नाही. गोदाक्का भिंतीला गाल लावून म्हणायची, "पी बाई, पी. लाजू नगं." आणि एका दुपारी त्या भिंतीनं ढेकर दिला. असा दणदणीत, की आढ्यावरची कबुतरं उडाली आणि वेशीवरची कुत्री भुंकायला लागली.

हैबतराव कुंचला घेऊन धावले. गोदाक्का उंबऱ्यात आडवी बसली. "जेवल्यावर तुमी आडवं हुता न्हवं? मग तिलाबी पडू द्या की. वाळल्याबिगर हात लावायचा न्हाई."

पुनव उद्यावर आली तरी ती उठेना. यशवंतानं हात जोडले. "आक्का, माझं लगीन मोडंल." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, असं म्हणतात. तिला त्या पोरांच्या जिवाची तगमग कळत होती, पण ओल्या भिंतीवर रंग लावला तर ते लग्न नक्कीच मोडणार, हेही कळत होतं. ती हलली नाही. संध्याकाळी भिंतीचा गारवा गेला आणि तिच्या गालाला ऊब लागली, तेव्हा ती बाजूला झाली. रंग एका हातात बसला.

पुनवेला दौलतराव आले ते नवा कोरा अंगरखा घालून. बसले, टेकले, आणि म्हैस झाडाला अंग घासते तशी त्यांनी भिंतीला पाठ घासली. मग उठून गावाकडं पाठ केली. सगळे माना पुढं काढून बघू लागले. पाठ स्वच्छ होती. तिच्यावर एक निळा ठिपका शोधून सापडेना. आधी दौलतरावच हसले, मग सगळं गाव.

लग्न लागलं. मैना माप ओलांडून आत आली, आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू तिला फुटलं. सगळा घोळका अनोळखी. कुणी नाव घ्यायला सांगत होतं, कुणी पाया पडायला. गोदाक्का घोळक्यात शिरली आणि तिनं मैनेला हाताला धरून भिंतीपाशी बसवलं.

"टेक, पोरी. दमली असशील."

मैना टेकली. डोळे पुसले आणि माहेर सुटल्यापासून पहिल्यांदा हसली.

आता शेवरवाडीत दुकानातून प्रायमरचे डबे येतात. तरी रंगकाम निघालं की घरोघरचं ताक येतं. ते गोदाक्काच्या नावानं भिंतीवर शिंपडतात आणि सगळे ढेकराची वाट बघत उभे राहतात. ढेकर येतोच. तो भिंत देते की भिंतीआड बसलेला रंगारी, हे कुणी विचारत नाही. आणि घरात नवी सून आली, की तिला आधी नाव घ्यायला लावत नाहीत, कुणाच्या पाया पडायला लावत नाहीत. भिंतीजवळ पाट मांडतात, आणि घरातली सगळ्यांत मोठी बाई तिला म्हणते, "टेक, पोरी."