पेटीतल्या पिल्लाला पंखाखाली जागा हवी

विषय : पेटीत जन्मलेल्या एका पिल्लास कोंबडीच्या पंखाखाली जागा मिळणेबाबत.
संदर्भ : थंडी.

वरील विषयी कळविण्यात येते की, अण्णांनी एक पेटी आणली. पेटीत दिवा. दिव्याखाली अंडं.

"कोंबडी हवीच कशाला?" अण्णा म्हणाले. "दिवा ऊब देतो. दिवा ओरडत नाही. दिवा चोच मारत नाही."

"दिवा जातो मात्र," काकू म्हणाली.

अंडं वाजलं. टक्! टक् टक्! पिल्लू बाहेर आलं. सुकलं. पिवळंधम्मक झालं.

आणि दिवा गेला.

दिवा गेला, ऊब गेली. पेटी गार, पिल्लू गार. अण्णा काहीतरी आणायला घरात धावले. झाकण उघडंच राहिलं. पिल्लानं उडी मारली. थुडुक! आलं की बाहेर.

परसात एक डालगं होतं. डालगं म्हणजे पालथी घातलेली मोठी टोपली. डालग्याखाली बसली होती चित्री कोंबडी. चित्री खुडूक होती. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते. बोलावलं तर येत नाही. हाकललं तर जात नाही. खुर्चीत बसलेली काही माणसंही अशीच असतात.

पिल्लू गेलं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी मावशी, पंखाखाली घे. मला थंडी वाजते. चिव चिव चिव!"

"कुडूक! तू कोणाचं?"

"पेटीचं."

"मग पेटीकडे जा! उजेडात मला आपलं कोण, परकं कोण, सगळं दिसतं. परकं दिसलं की मी चोच मारते. अंधारात सगळी पिल्लं माझी. गोणपाटाला सांग, डालगं झाक. अंधार झाला की घेते."

पिल्लू गेलं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गोणपाटा गोणपाटा, डालगं झाक.
कोंबडी घेईना,
मला थंडी वाजते. चिव चिव चिव!"

"झाकलं असतं," गोणपाट म्हणालं. "पण माझ्यावर कुत्रा झोपलाय. कुत्रा उठला की झाकतो."

पिल्लू गेलं. फार लांब नाही. कुत्र्याच्या कानाशी.

"कुत्रेदादा कुत्रेदादा, ऊठ.
गोणपाट झाकेना,
कोंबडी घेईना,
मला थंडी वाजते. चिव चिव चिव!"

कुत्र्यानं एक डोळा उघडला. दुसरा उघडायची त्याला गरज वाटली नाही.

"फुकट कोण उठतं? भाकरीचा तुकडा पडला की उठतो."

पिल्लू गेलं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकू काकू, भाकरी थाप.
कुत्रा उठेना,
गोणपाट झाकेना,
कोंबडी घेईना,
मला थंडी वाजते. चिव चिव चिव!"

"अगं बाई! केवढंसं पिल्लू, केवढं गाऱ्हाणं!" काकू म्हणाली. "पण चूल पेटली नाही रे राजा. भाकरी काय हातावर भाजू? चूल पेटली की थापते."

पिल्लू गेलं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चुलीबाई चुलीबाई, पेट.
काकू थापेना,
कुत्रा उठेना,
गोणपाट झाकेना,
कोंबडी घेईना,
मला थंडी वाजते. चिव चिव चिव!"

"लाकडं आहेत. निखारा आहे," चूल म्हणाली. "पण मीच मला फुंकू की काय? फुंकणी आली की पेटते."

चुलीचं म्हणणं बरोबर होतं. सगळ्यांचंच म्हणणं बरोबर होतं. पिल्लू तेवढं गारठत होतं.

पिल्लानं फुंकणी शोधली. इथं नाही. तिथं नाही. फुंकणी होती अण्णांच्या हातात. अण्णा पेटीपाशी बसले होते. गाल फुगवत होते. दिव्यावर फुंकत होते. फू! फू! फू!

"फुंकणीताई फुंकणीताई, चूल फुंक.
चूल पेटेना,
काकू थापेना,
कुत्रा उठेना,
गोणपाट झाकेना,
कोंबडी घेईना,
मला थंडी वाजते. चिव चिव चिव!"

"काय सांगू बाळा!" फुंकणी म्हणाली. "चूल फुंकली की पेटते, मग दिवा का नाही पेटणार, असं अण्णा म्हणतात. त्यांनी सोडलं की येते."

पिल्लू अण्णांच्या पायाशी गेलं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"अण्णा अण्णा, फुंकणी सोडा.
फुंकणी येईना,
चूल पेटेना,
काकू थापेना,
कुत्रा उठेना,
गोणपाट झाकेना,
कोंबडी घेईना,
मला थंडी वाजते. चिव चिव चिव!"

"लुडबुड नको!" अण्णा म्हणाले. "पेटीत माझं पिल्लू आहे. गारठलं असेल बिचारं. ते बाहेर आलं की सोडतो."

"अण्णा, ते पिल्लू मीच!"

"तू? छे! पेटीतलं पिल्लू पेटीतून येतं. तू तर परसातून आलंस. हो बाजूला. फू! फू! फू!"

पिल्लू बाजूला झालं. पिल्लानं मान वाकडी केली. पिल्लानं विचार केला. एवढ्याशा डोक्यात मावेल एवढाच केला, पण तो पुरला.

ते गेलं पेटीच्या मागे. मारली उडी. थुडुक! आलं की आत. आत गार, गार, गार.

मग पेटीवर मारली चोच. टक्! टक् टक्!

आणि मारली उडी. थुडुक! आलं की बाहेर.

"आलं!" अण्णा ओरडले. "माझं पिल्लू आलं! याला म्हणतात रीतसर!"

आणि अण्णांनी फुंकणी सोडली.

फुंकणी चुलीकडे धावली. फू फू फू!
चूल पेटली. भुर्र भुर्र भुर्र!
काकूनं भाकरी थापली. थप थप थप!
तुकडा पडला. टप्!
कुत्रा उठला. दोन्ही डोळे उघडून उठला. भू!
गोणपाट सुटलं. फड फड फड!
डालगं झाकलं. अंधार झाला. गुडुप!

त्या अंधारात पिल्लू शिरलं. हळूच. तुरु... तुरु... तुरु...

"कुडूक! कोण ते?"

पिल्लू काही सांगेना. पेटीचं सांगेना, दिव्याचं सांगेना. नुसतं म्हणालं, "चिव."

चित्रीनं पंख उचलला. पिल्लू आत. पंख खाली.

"इतका वेळ कुठं होतंस, माझ्या बाळा?" चित्री म्हणाली. "पाय बघ किती गार झालेत!"

आत ऊब. मऊ मऊ ऊब. पिल्लाचे डोळे मिटले. चिव... चि... च...

थोड्या वेळानं कोणीतरी गोणपाटाचं टोक उचललं. अगदी एवढंसं. ते अण्णा होते.

"चित्रीबाई," अण्णा हळूच म्हणाले, "पुढची अंडीही तुम्हीच उबवाल का? पेटीचं काही खरं नाही."

"शेवटी कोंबडीच्याच पाया पडलात ना!" चुलीपाशी काकू म्हणाली.

"शू! पिल्लू उठेल," अण्णा म्हणाले, आणि उत्तराची वाट बघत तिथंच बसले.

चित्रीनं मान आत घेतली आणि डोळे मिटले.

पिल्लास जागा मिळाली आहे. अण्णांचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.