पडलेल्याचा डाव

"...मग ती उठून का गेली, अक्का? माझं चुकलं काय?"

हौसाक्का पावटे सोलत होत्या. त्यांनी शेंग मोडली, दाणे परातीत टाकले, टरफल सुपात.

प्रणीतने तोच प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारला.

अक्कांनी दुसरी शेंग घेतली...

सकाळच्या गाडीने तो पुण्याहून मिरजेला आला होता, ते एवढ्याचसाठी. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, पोटात अन्न नाही. ओसरीवर येऊन टेकला तो हाच प्रश्न घेऊन.

त्या बाजूला टेबलावरची गोष्ट खेळणाऱ्यांत हौसाक्कांचं नाव माहीत नाही असा माणूस मिळायचा नाही. कॉलेजच्या पोरांना त्या खोल्या भाड्याने देत, तेव्हाची हकिकत. जाता जाता एकाने एक खोका मागे टाकला. आत चित्रविचित्र फासे आणि इंग्रजी पुस्तक. बाईंनी शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक वाचून काढलं. पटलं नाही तिथे सरळ काट मारली आणि शेजारी आपलं लिहिलं. कुणाला विचारायला गेल्या नाहीत.

खेळ तसा साधा. पाच-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. एक जण खेळवणारा. डोंगर तो, वारा तो, राक्षसही तोच. बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. लढाई जुंपली की फासे पडतात, क्रम लागतो, आणि बोलायची ज्याची त्याची वेळ येते. त्या वेळेला म्हणायचं डाव.

प्रणीत हे सगळं अक्कांच्याच खोलीत राहून शिकला. मग पुण्यात नोकरी लागली, तिथे त्याने स्वतःचं टेबल मांडलं. अलीकडे तर आपण अक्कांहून बरं खेळवतो असंही त्याला मनातून वाटू लागलं होतं. वाटू द्यावं. त्याशिवाय शिष्य वाढत नाही आणि गुरूची झोप उडत नाही.

त्याच्या टेबलाची गोष्ट दोन वर्षं चालली होती, आता शेवटाला आली होती. येत्या रविवारी शेवटची लढाई. आणि केतकी येणार नव्हती.

केतकी म्हणजे त्या टेबलावर सर्वात आधी येऊन बसलेली. नदी तिने सुचवली, नदीकाठची गावं तिने वसवली, स्वतःसाठी पात्र घेतलं ते होडी चालवणारीचं. मागच्या रविवारी लढाई चालू असताना ती उठून गेली. घरी पोचल्यावर दोन ओळी पाठवल्या, की माझ्याशिवाय संपवा, मला राग नाही.

राग असता तर प्रणीतला परवडला असता.

"दाखव," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"लढाई कशी खेळवतोस ते."

त्याचा चेहरा जरा उजळला. दाखवायचं म्हटल्यावर तो नेहमीच उजळायचा. त्याने लॅपटॉप उघडला, चौरंगावर ठेवला आणि एकेक सांगायला सुरुवात केली. पडद्यावर नदीचा नकाशा होता. ज्याच्या पात्राला जेवढं दिसेल तेवढाच भाग उजळायचा, बाकी अंधार. डाव्या अंगाला सगळ्यांची नावं क्रमाने. फासे यंत्रच टाकायचं, वार किती लागला ते यंत्रच वजा करायचं, कुणात किती जीव उरला त्याची पट्टी आपोआप आखूड व्हायची. घरी हे सगळं तो मोठ्या टीव्हीवर लावायचा. आधी एकेका लढाईत अख्खी दुपार जायची, आता चहा निवायच्या आत निकाल.

"कुणाची गाडी चुकत होती का?" अक्कांनी विचारलं.

प्रणीत हसला. अक्का हसल्या नाहीत.

"मला घे," त्या म्हणाल्या. "त्या पोरीच्या जागी."

त्याने मागच्या रविवारचीच लढाई पुन्हा मांडली. नदीच्या उथळ उतारावर होडी, पाण्यात दबा धरून बसलेला मगरतोंड्या राक्षस, काठावर चौघे साथीदार. साथीदारांना तो स्वतःच हलवणार होता. अक्का होडीवाली झाल्या.

"मी वल्हं उगारते," त्या म्हणाल्या, "आणि त्याला विचारते, की बाबा, तुझं—"

"बोलायचं नंतर, अक्का. आधी वार."

त्याने बटण दाबलं. फासा पडला. वल्हं हुकलं. मगरतोंड्याने शेपटी फिरवली आणि होडीवालीचा जीव एका फटक्यात संपला. तिचं नाव पडद्यावर राखाडी झालं.

"पडलात तुम्ही," प्रणीत म्हणाला. "मेल्या नाहीत, बेशुद्ध आहात. चालू दे."

आणि चाललं. पहिला साथीदार, दुसरा, तिसरा, चौथा, मग राक्षस. बटणं दाबत, नकाशा सरकवत, भाला लागला की मान डोलवत तो पुढे जात राहिला. होडीवालीचं नाव आलं की यंत्र ते टिपकन ओलांडून जायचं. तशी सोय त्यात होती. पडलेल्याला वगळा, असं लिहिलेल्या चौकोनात त्यानेच कधीतरी बरोबरची खूण केली होती, वेळ वाचावा म्हणून.

अक्का उठल्या. परात आणि सूप घेऊन आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला, आल्याचा वास आला.

मगरतोंड्या लंगडा झाला.

अक्का बाहेर आल्या आणि त्याच्यापुढे कप धरला. त्याने तो घेतला, दोन घोट प्यायला, आणि डाव्या हाताने बटणं दाबत राहिला.

मगरतोंड्या पडला.

"झालं," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर कौतुक मावत नव्हतं, स्वतःचंच. "बघितलंत? एक चूक नाही. बेरीज नाही चुकली, क्रम नाही चुकला."

"कोण कोण होतं लढाईत?"

"पाच जण."

"मी कधी पडले?"

त्याने पडद्यावर मागे जाऊन बघितलं. "पहिल्याच फेरीत."

"मग कुठे होते?"

"इथेच की. माझ्यासमोर."

अक्कांनी नुसतं बोट केलं, त्याच्या हातातल्या कपाकडे.

प्रणीतने कपाकडे पाहिलं. अर्धा रिकामा झाला होता. चहा कधी आला, कुणी दिला, आपण कधी प्यायलो... त्याला काहीच आठवेना. चौरंगापलीकडे परात नव्हती, सूप नव्हतं, एक टरफल तेवढं पडलं होतं.

मग मात्र त्याला मागचा रविवार दिसू लागला. केतकी पहिल्या फेरीत पडली होती. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे होती. तिने मध्येच काहीतरी विचारलं होतं बहुतेक, आणि आपण म्हणालो होतो, थांब गं, तू बेशुद्ध आहेस. नंतर येते मी, असंही ती म्हणाली. पाणी प्यायला गेली असेल असं वाटलं. लढाई जिंकल्यावर टाळ्या झाल्या, फोटो काढला, आणि फोटो बघताना कळलं की माणूस कमी आहे.

मग त्याने कप खाली ठेवला, लॅपटॉप पुढे ओढला आणि ते अख्खं यंत्रच पुसून टाकायला निघाला.

अक्कांनी त्याच्या मनगटावर चापटी मारली. हलकी नव्हती.

"हात मागे."

"यामुळेच झालं ना, अक्का."

त्यावर त्या जे बोलल्या ते ऐकून घेण्यासारखं होतं. आमचं मेलं गणित कच्चं, म्हणाल्या. बोटांवर मोजत खेळवायचो तेव्हा मेलेला राक्षस पुढे चार वार करायचा आणि जिवंत माणूस उगाच मरायचा. एकदा एक पोरगा रडत घरी गेला होता माझ्या वजाबाकीपायी. हे बिचारं बरोबर मोजतं आणि सांगितलं तेवढंच करतं. स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायची तर निदान उलट बोलू शकेल अशाच्या तरी घालावी.

प्रणीत खाली बघू लागला.

"सरक," त्या म्हणाल्या. "आता मी खेळवते."

त्या त्याच्या जागी बसल्या. चष्मा नाकावर घेतला. कुठलं बटण कशाचं एवढं विचारून घेतलं, एकदाच. त्या चौकोनातली खूण होती तशीच ठेवली. त्याला होडीवाली दिली, आणि लढाई पुन्हा लागली.

ती पुन्हा पडली. फाशाला कोण काय करणार?

नाव राखाडी झालं. पहिल्या साथीदाराचा वार झाला, दुसऱ्याचा झाला. मग यंत्राने होडीवालीला ओलांडलं आणि राक्षसाचं नाव उजळलं.

अक्कांनी बटणावरचं बोट उचललं. पडद्यावरची नजर उचलली. चष्मा काढला आणि प्रणीतकडे बघत राहिल्या.

...

"काय झालं?" तो म्हणाला. "दाबा ना. माझा डाव नाही हा."

त्या बघतच होत्या.

"अक्का, मी बेशुद्ध आहे."

"कुठे?"

"म्हणजे?"

"कुठे आहेस बेशुद्ध?"

"पाण्यात... काठाजवळ असेन."

"पाणी कसं आहे?"

नियमाप्रमाणे बेशुद्ध पात्राला काही कळत नाही, असं तो सांगू लागला. नियम मला शिकवू नकोस, त्या म्हणाल्या, निम्मे मी खोडलेत.

त्याला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं. त्याने डोळे मिटले.

"गार आहे," तो म्हणाला. "तोंडात वाळू गेलीय. कान पाण्यात आहेत, त्यामुळे लढाईचा आवाज लांबून येतोय, जणू दुसऱ्याच गावात चाललीय. होडी... होडी सुटलीय. बांधायची राहिली. वाहत चाललीय ती, अक्का, आणि कुणाचं लक्ष नाही."

"मग?"

"मी ओरडतेय. म्हणजे ती ओरडतेय. पण तोंडातून आवाज..."

तो थांबला. होडीवाली आपण नव्हे हे त्याला आठवलं, आणि कोण, तेही.

मगरतोंड्या आपला उजळून थांबला होता. थांबायला त्याचं काय जातंय?

प्रणीतने डोळे उघडले आणि खिशातून फोन काढला. परात बाहेर आणून अक्का पुन्हा सोलायला बसल्या.

घंटी बरीच वाजली. मग पलीकडून केतकीने उचलला.

तो म्हणाला की मी मिरजेला आहे, अक्कांकडे. म्हणाला की त्या दिवशी तू पाण्यात पडलीस आणि मी तुझ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाला, "केतकी, तू मध्येच काहीतरी विचारलं होतंस. मी थांब म्हटलं. काय होतं ते?"

पलीकडे शांतता...

फोन तुटला नव्हता. कुठेतरी पंखा फिरत होता, श्वास ऐकू येत होता. पण शब्द नाही. प्रणीतने फोनवर तळवा धरला आणि अक्कांच्या कानाशी वाकला.

"ती बोलत नाहीये, अक्का. माफी मागू? की रविवारचं सांगू? का ठेवून देऊ?"

अक्कांनी शेंग मोडली. दाणे परातीत टाकले.

"गप बस," त्या म्हणाल्या. "डाव तिचा आहे."