पाठीला पाठ

एका जंगलात, अगदी कडेला, एक म्हातारी शेळी राहत असे. तिचा कळप लांबच्या कुरणात निघून गेला होता. हिला तेवढं चालवेना, म्हणून ही मागं राहिली. बाळांनो, दुपारी रवंथ करताना तिच्या कळपातल्या शेळ्या एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसायच्या. आता हिला पाठ लावायला कोणी नव्हतं. ती बाभळीच्या खोडाला टेकायची. पण खोड काही ऊब देत नाही, मधूनच उसासा टाकत नाही.

त्या जंगलात उन्हाळा लागला की कुत्री घर शोधत येत. ज्याच्यापुढं आपण पाण्याची करवंटी ठेवावी, तो वर्षभर आपल्या दारचा, असा तिथला रिवाज. त्या साली शेळीनंही करवंटी भरली. दारात दोन कुत्रे आले. एक उंच, बारीक कमरेचा, शिकारी जातीचा. दुसरा गावठी, आखूड पायांचा, एक कान दुमडलेला. गावठी दमला होता, शेळीला पाठ लावून आडवा झाला. शेळीचे डोळे हळूहळू मिटायला लागले.

एवढ्यात वरून माकड म्हणालं, "अगं म्हातारे, असला तर सशाच्या दारातही आहे."

कावळा म्हणाला, "तो उंच घे. कोल्हीणबाईंकडं तसलाच आहे. रोज कोणी ना कोणी बघायला येतं."

रोज कोणी येतं, हे शब्द शेळीच्या मनात बसले. तिनं करवंटी उचलली नि उंच कुत्र्यापुढं ठेवली. गावठी उठला, अंगावरची धूळ झटकली नि गेला.

थोडे दिवस बघणारे आले. मग कोणी येईना. कुत्रा सकाळीच माळावर पळायचा, तो दिवस मावळताना परतायचा. एकदा शेळी म्हणाली, "बाबा, दुपारचा जरा माझ्यापाशी बस की."

"बसतो, आजी," तो म्हणाला नि बसला. पण त्याचे पाय थरथरत होते. ते शेळीला पाठीत कळत होतं. तो खाली मान घालून म्हणाला, "आमच्या जातीला धावणंच ठाऊक. तू विचारलं असतंस, तर आधीच सांगितलं असतं."

"जा बाबा, पळून ये," शेळी म्हणाली.

मग ती हळूहळू चालत तळ्याकडं गेली. तिथं गावठी कुत्रा कासवाच्या पाठीला टेकून झोपला होता. जवळच करवंटी होती, कासवानं भरलेली. कुत्र्यानं एक डोळा उघडला, शेपटी एकदा जमिनीवर आपटली, नि पुन्हा झोपला. शेळी थोडा वेळ उभी राहिली. मग परत येऊन बाभळीला टेकली नि रवंथ करू लागली.

तात्पर्य : सोबती निवडताना बघणाऱ्यांना काय आवडेल ते पाहू नये, आपल्याला काय हवं ते पाहावं, बघणारे चार दिवसांत जातात, नि राहायचं आपल्यालाच असतं.