जळाईच्या पायथ्याच्या वहाणा

जळाईच्या डोंगरावर चढायचे तर पायथ्याशी चपला काढाव्या लागतात. जळाई देवीचे देऊळ वर, दीड तासाच्या चढावर, आणि चढ सगळा काळ्या टोचऱ्या दगडांचा. बूट घालून आलेले पाहुणे कुरकुरतात. मग राखवडीचा भिवा गुरव, जो तीस वर्षे लोकांना माथ्यावरच्या धुरकट भेगा दाखवायला नेतो आहे, वाटेच्या तोंडाशी पसरलेल्या दगडांकडे काठी करतो. दगड जोडीजोडीने पडले आहेत. मोठे, लहान, एखादी जोडी तर बोटभर.

"मोजू नका," तो म्हणतो. "आमच्यात कुनी मोजत न्हाई."

त्या वहाणा आहेत, असे सांगतात. कोल्हापूरहून आलेल्या मंडळींनाही त्याने परवा हेच सांगितले.

फार पूर्वी चैत्रात माथ्यावर जळाईची जत्रा भरे. डोंगर तेव्हाही आतून धुमसतच होता. म्हणून जत्रेच्या पहाटे गुरवाने एकट्याने अनवाणी वर जायचे, तळपायाने जमिनीची ऊब पाहायची आणि खाली येऊन सांगायचे, आई निजली आहे की जागी आहे. निजली असेल तर अख्खे गाव वहाणा काढून वर चढे आणि गुरव खाली त्या वहाणा राखत बसे. या कामाचा मान एवढा, की गावात पहिला विडा पाटलाच्याही आधी गुरवाला मिळे. तेव्हाचा गुरव सटवोजी.

जत्रेला आठ दिवस होते. सटवोजी रानातून आला तर सारवलेल्या ओटीवर रक्ताचे ठसे उमटले. बायको, ठकूबाई, धावत आली.

"अवो, येवढा काटा मोडलाय आन् तुमास्नी कळलं न्हाई?"

खरेच कळले नव्हते. तिने चुलीतला निखारा तळव्याजवळ धरला. सटवोजी नुसता बघत राहिला.

"पाटलास्नी सांगा. औंदा दुसरं कुनी जाऊ द्या वर."

"आन् बापजाद्याचा विडा दुसऱ्याच्या हातात जाऊ द्यू? येवढी वर्सं निजलीय आई. आताच उठनार हाय व्हय?"

ठकूबाई गप्प बसली. नवऱ्याची अब्रू ती घराची अब्रू, असे तिला वाटले. तिथेच तिचे चुकले, असे राखवडीच्या बाया अजून म्हणतात. पुरुष बहुधा हा भाग गाळून सांगतात.

पहाटे सटवोजी वर गेला. जमीन तापली होती की नाही, हे त्याचे पाय सांगेनात. हात टेकून पाहावे असे एकदा मनात आले, म्हणे. पण गुरवाने त्या जमिनीला हात लावणे म्हणजे आईच्या अंगावर हात टाकणे. खोटे बोलायचे ठरवून निघालेल्या माणसाने नेमका हा नेम तेवढा पाळला!

खाली येऊन तो म्हणाला, "निजलीय. चला."

लोकांनी हलगी वाजवत वहाणा काढल्या. ठकूबाईने आपल्या वहाणा त्याच्यापुढे ठेवल्या आणि नैवेद्याची पाटी डोक्यावर घेतली.

"तू ऱ्हा खाली," तो हळूच म्हणाला.

"ऱ्हायले तर लोक इचारतील," ती म्हणाली आणि गेली.

वाटेत तळवे पोळले तरी गुरवाचा शब्द मानून कुणी मागे फिरले नाही, म्हणे. दुपारी डोंगर फुटला. माथा राहिला नाही आणि माथ्यावरचे माणूसही राहिले नाही. आग पलीकडच्या उताराने उतरली. अलीकडे नुसती राख पडत राहिली. सटवोजी वहाणा झटकत होता. एक जोडी झटकावी तोवर दुसरी बुजे. तिसऱ्या दिवशी तोही बुजला आणि वहाणांचे दगड झाले, असे सांगतात. गावात बाळंतिणी आणि अंथरुणाला खिळलेले तेवढे वाचले. सटवोजीची लेक बाळंतीण होती. भिवा तिच्याच वंशातला.

उरलेल्यांनी तेव्हा एक रीत घातली, ती आजही चालते. वाट दाखवणाऱ्याने चढण्याआधी या दगडांत बसायचे आणि तळव्यांत बाभळीचा काटा टोचून घ्यायचा. घरचे माणूस झाकून घेते, म्हणून काटा परक्याच्या हाती द्यायचा.

परवा तो काटा कोल्हापूरच्या मंडळींतल्या मीनलबाई नावाच्या शिक्षिकेच्या हाती होता. भिवा डोंगराकडे तोंड करून पाय पसरून बसला. माथ्यावर नेहमीसारखी वाफ होती.

"टोचा की, बाई. घाबरू नका."

बाई वाकून त्याच्या तळव्यांकडे पाहत होत्या.

"टोचा."

"टोचला हो, बाबा. दोन्हीकडे."

भिवाने पाय वळवून पाहिले. दोन्ही तळव्यांवर रक्ताचा एकेक थेंब होता. पाण्याची कळशी घेऊन आलेली त्याची लेक रंजना पटकन म्हणाली, "हलकाच टोचला आसंल, बाबा. त्यास्नी सवय न्हाई."

भिवा तिच्याकडे बघत राहिला. तीस वर्षे ही गोष्ट त्याने सांगितली होती, आणि आता लेक ठकूबाईच्या जागी उभी होती.

"गप, पोरी," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला, "माझं पाय गेलं. आज वर कुनी जायाचं न्हाई."

पाहुण्यांनी मुकाट्याने बूट घातले. रंजनाने त्याच्या चपला पुढे सरकवल्या. पाय चपलेत गेला की नाही, हे भिवाला खाली वाकून पाहावे लागले.