भिवराची ओली कमान

भाविकहो, निर्मळनाथ महाराज तेव्हा खडकेवाडीच्या मठात राहत होते, आणि मठाच्या अंगणात त्यांनी काय काढलं असेल? चक्क गवंडीकामाची शाळा! "लेकरांना नुसतं भजन देऊन कसं चालेल? पोटापाण्याचं कोण बघणार?" महाराज म्हणाले.

शिकवायला होते दाजीबा मिस्त्री. पंचक्रोशीतली निम्मी देवळं त्यांच्या हातची, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत! शिकणाऱ्यांत चार मुलगे आणि एकटी भिवरा. तिच्या आईची मान घमेली वाहून वाहून कायमची वाकली होती. भिवराने ते रोज पाहिलं होतं.

"बाईमाणसानं घमेलं उचलावं, थापी नाही," दाजीबा हसत. "महाराजांचं नाव घेऊन कुठं विटा बसतात होय गं?"

भिवरा विटा हौदात रात्रभर भिजवायची, चुना चांगला मळायची, आणि प्रत्येक विटेला हळूच महाराजांचं नाव घ्यायची.

तालुक्याचे साहेब नव्या शाळेच्या बांधकामासाठी गवंडी निवडायला येणार होते. मुलांनी सरळ भिंती उचलल्या. भिवराने मात्र गावाच्या वेशीवरच्या धर्मशाळेच्या दारावर कमान बांधली. ती लाकडी साच्यावर पंधरा दिवस वाळायला हवी होती. पण शेवटची वीट बसली आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला, साहेब आजच येताहेत!

"साच्यावरची कमान दाखवणार? कुबड्या घेतलेली नवरी कुणी बघायला बोलावतं का?" दाजीबांनी पहार उचलली.

"मिस्त्री, नका! ओली आहे हो!"

"काम पक्कं असेल तर राहील की!"

तीस वर्षांत जी चूक त्यांनी कुणाला करू दिली नव्हती, ती त्यांनी स्वतः केली. दोन घाव घातले, टेकू उडाले, साचा धाडकन खाली आला. विटा बोटभर खाली सरकल्या, आणि खाली कोण? दाजीबाच! त्यांचे पायच हलेनात.

आणि विटा थांबल्या. तशाच! चुना टपटप गळतोय, खाली काही आधार नाही, आणि कमान हवेत!

एवढ्यात मठातला सेवेकरी गणबा धापा टाकत आला. "जेवता जेवता महाराजांनी एकदम दोन्ही हात वर केले! खाली घेतच नाहीत! म्हणतात, दाजीबाला सांग, आधी टेकू लाव. किती वेळ धरू?"

अहो, मठ गावाच्या दुसऱ्या टोकाला! तिथे हे कळलं कसं?

भिवराच आधी भानावर आली. "मिस्त्री, तिकडून धरा!" असं ती त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडली. दोघांनी साचा उचलला, टेकू ठोकले. विटा साच्यावर अलगद टेकल्या.

सगळे मठाकडे धावले. महाराज हात खाली घेऊन बसले होते. तळव्यांवर ओला चुना, आणि विटांच्या कडांचे लालभडक वळ!

दाजीबांनी त्यांच्या पायांवर लोळण घेतली. "महाराज, मी मेलो असतो!"

"अरे, विटा तिनं नीट भिजवल्या, चुना नीट मळला, म्हणून माझ्या हाती काही लागलं," महाराज म्हणाले. "सैल कामात मी तरी काय धरणार?"

साहेब आले. साच्यावरची कमान बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे अर्धवट काम कुणाचं?"

दाजीबा पुढे झाले. "अर्धवट मी केलं होतं, साहेब. पंधरा दिवस थांबा, मग साचा काढू. काम या भिवराबाई गवंड्यांचं आहे." आणि सगळ्या गावासमोर त्यांनी पागोटं उतरवलं आणि ते अठरा वर्षांच्या भिवरासमोर वाकले.

भिवरा दोन पावलं मागेच सरली. तिच्यासमोर आजवर कुणी वाकलं नव्हतं. साहेबांनी निवडलेल्या गवंड्यांची वही उघडली, तिचं नाव लिहायला घेतलं आणि विचारलं, "गवंडी भिवरा, पुढं आडनाव काय लिहू?"